सरळ केलेली लारी

लारी हे नाणे गोल नसते. चांदीची जाड तार मधोमध दुमडून चिमट्यासारखी करायची आणि दोन्ही बाजू चेपून त्यांवर ठसा मारायचा. नाव आले इराणच्या दक्षिणेकडील लार शहरावरून. व्यापाऱ्यांबरोबर हे नाणे आखातातून कोकणात उतरले. पुढे विजापूरच्या सुलतानांनी आपल्या नावाच्या लाऱ्या पाडल्या आणि त्या दाभोळच्या बंदरात चालल्या. मालदीवमध्ये आजही सुट्या पैशांना लारीच म्हणतात.

पूर्णगडला माझ्या ओळखीच्या एका चाचींकडे अशी एक लारी होती. त्यांचे पती जहाजावर खलाशी होते. घरातली मुलगी सासरी निघाली की लारी तिच्या ओढणीच्या टोकाला बांधायची, पहिल्या माहेरपणाला ती मुलीबरोबर परत यायची. नातीचे लग्न तोंडावर आले असताना रत्नागिरीतल्या नाणे प्रदर्शनाचे लोक येऊन ती मागून घेऊन गेले.

उद्घाटनाची बातमी करायला मी गेलो तेव्हा चाचीही आल्या होत्या. लारी काचेच्या चौकटीत होती, दोन तुकड्यांत. खाली चिठ्ठी: ‘परदेशी चलन’.

समितीचे एक सदस्य पुढे आले. “वाकडी होती हो. चौकटीत बसेना, म्हणून पकडीने जरा सरळ केली. जुनी चांदी, तुटली.”

“वाकडी नव्हती. ते नाणे तसेच पाडतात,” मी म्हणालो.

“परदेशातलं आम्हाला काय ठाऊक?”

“परदेशातलं?” चाची म्हणाल्या. “दाभोळला चालायची ती. ती बाहेरची, तर मी पन बाहेरचीच की! मलाही घाला चौकटीत. पन सरळ करू नका, कंबर मोडंल.”

कोणीतरी हसले. सदस्य हसले नाहीत. “चाची, तुमचा सत्कार ठेवलाय. शाल आहे.”

“शाल तुम्ही घ्या. माझी लारी काढा.”

पाहुणे दारात पोचले होते. उद्घाटन होऊ द्या, मग बघू, असे चाचींना सांगण्यात आले. परवानगी न घेता नाणे मोडले, त्याची माफी कोणी मागितली नाही. घाई मात्र चाचींनी करू नये, अशी अपेक्षा होती. चाची खुर्ची ओढून चौकटीसमोर बसल्या. अखेर पाहुण्यांच्या देखत स्क्रू काढावे लागले.

लग्नात नातीच्या ओढणीला दोन्ही तुकडे एकाच गाठीत बांधले होते. सोनाराकडून जोडून का घेतले नाहीत, असे मी विचारले.

“जोडली, की परत कोनीतरी मागायला येईल,” चाची म्हणाल्या.