झोपबाईचा ताण, आईची तान

झोपेवर संशोधन करायला सांगलीहून आलेली बाई आमच्या सोप्यात सगळ्यांच्या आधी स्वतःच झोपली. चहा ठेवून आई बाहेर आली, तर पाहुणी भिंतीला टेकून, तोंड किंचित उघडं. मी हाक मारणार, तोच आई कुजबुजली, "उटवू नगंस रं. कामावर आलीया ती." त्या दिवसापासून जतकडच्या आमच्या वस्तीवर तिचं नाव झोपबाई पडलं.

जाग आली तरी ती ओशाळायची नाही. "मावशी, झोप म्हणजे डोक्याची झाडलोट," म्हणायची. "ती राहिली की केर साठतो, मग ठेवलेलं सापडत नाही." म्हातारपणची झोप, मनावरचा ताण आणि विसरणं यांचा मेळ शोधत ती वस्त्या पालथ्या घालत होती. मला ती देवासारखी वाटली. कारण आई कालवणात दोनदा मीठ घालू लागली होती, मला मारुती सोडून बिरूमामाच्या नावानं हाक मारू लागली होती. एक दिवस 'तू कोण रं?' म्हणेल, या धास्तीनं मी खंगलो होतो. निदान मी तसं सांगत असे. विजार मात्र दरसाल घट्ट होत होती.

"मावशी, ताण येतो का?" झोपबाईनं विचारलं.

"तान? लय. राच्च्याला तर सारकी."

"इतका? मग काय करता?"

"पानी पिती की गं."

आमच्याकडं ह गळतो आणि ण चा न होतो. तहान आणि ताण एकाच घागरीत. मी हसत हसत उलगडा केला, तशी तिनं कपाळाला हात लावला. "म्हणजे अख्ख्या वस्तीनं मला तहान सांगितली!" पोटभर हसली. मग थांबली. "पण मावशी, रात्री सारखी तहान का लागते?"

"जागीच अस्ती न्हवं. टँकर कवा येतोय, कुनाला ठावं? हंडं लावाय नगंत?"

"हाच की तो ताण!" म्हणत झोपबाई माझ्याकडं वळली. "दादा, तुम्ही नाही उठत?"

"मला ताणामुळं जागच येत नाही."

"तुमची झोप खणखणीत आहे. त्यातली थोडी मावशींना द्या."

"मग विसरणं थांबेल?"

"तसं वचन नाही देणार," ती हळूच म्हणाली. "पण झाडलोट तरी होईल."

तेव्हापासून टँकरची पाळी माझी. हंड्यांशेजारी मी राखण करतो की घोरतो, यावर घरात दोन मतं आहेत. आई मात्र सकाळी तरतरीत उठते. मीठ अजूनही कधी दोनदा पडतं. आम्ही दही कालवून गुपचूप जेवतो.

काम संपवून झोपबाई दूर बदलून गेली, पण फोन करते. परवा तिचा फोन आला, तर आईला ना तिचं नाव आठवेना, ना चेहरा. मी तसाच फोन आईच्या कानाला लावला.

"मावशी, ताण आहे का?"

आई खुदकन हसली. "झोपबाई व्हय गं! न्हाई, आता न्हाई. आमचा मारुती उठतोय न्हवं."