आधी मेधा बघायची

बातमी आली तेव्हा माझा फोन जेवणाच्या टेबलावर पालथा पडला होता, आवाज बंद करून. तसा नियमच होता आमचा... म्हणजे मेधाचा. एक्सेल शिकवायच्या व्हिडिओत दाखवलंय ते एकदा नीट बघायचं, फोन पालथा घालायचा आणि मग लॅपटॉपवर आपल्या हाताने करायचं. अडलं तरी फोन सुलटा करायचा नाही. "बघून बघून येतंय असं वाटतं गं, येत काही नसतं," असं ती म्हणायची. रविवारची सकाळ होती, कुकर लावलेला होता, आणि कित्येक दिवस माझ्या मानगुटीवर बसलेला एक फॉर्म्युला त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला न विचारता मला जमला. मी एकटीच "हुश्श" म्हणाले आणि मेधाला सांगायला फोन उचलला. तर श्रीकांतरावांचे, तिच्या नवऱ्याचे, मिस्ड कॉल. मी लगेच फोन लावला. "शोभाताई, मेधा गेली हो... पहाटे, झोपेतच," एवढंच ते बोलू शकले. आणि मी वेड्यासारखी म्हणाले, "अहो, पण मला तिला सांगायचं होतं..."

मेधा आणि मी धायरीतल्या एका छोट्या कारखान्यात वर्षानुवर्षं एकाच खोलीत बसलो. ती प्लॅनिंगला, मी माल पाठवण्याच्या खात्यात. मी लग्न होऊन अमरावतीकडून आलेली, ती पक्की पुण्याची. माझ्या तोंडून चुकून "मी करून राहिले" असं गेलं, की मान वर न करता म्हणायची, "रहा, रहा. भाडं मागत नाही मी." सुरुवातीला राग यायचा, मग तिने टोमणा मारला नाही तर आज हिला बरं नाही की काय, अशी काळजी वाटायला लागली. पुढे खरंच तिला बरं नव्हतं. किडन्यांचं दुखणं निघालं, नोकरी सोडावी लागली, दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. मी एकटी त्या खोलीत राहिले. आणि नेमके तेव्हाच थोरले साहेब घरी बसले आणि त्यांचा मुलगा आला. पहिल्याच मीटिंगमध्ये म्हणाला, "मॅडम, दिवाळीनंतर सगळे रिपोर्ट एका क्लिकवर पाहिजेत. अॅडव्हान्स्ड एक्सेल येतं ना आपल्याला? नसेल येत तर... बघू आपण." त्या "बघू आपण"ने माझी झोप उडाली. माझ्या वयाच्या बाईला नवी नोकरी कोण देतंय? एक्सेलमध्ये मला बेरीज येत होती, रंग भरता येत होते आणि मोठ्या विश्वासाने प्रिंट काढता येत होती.

शिकायचं तर ठरवलं, पण शिकायचं कुठून? जीव मेटाकुटीला येईपर्यंत शोधलं मी. कर्वेनगरात एका क्लासला गेले, तिथल्या बाईंनी फळ्यापेक्षा आधी सर्टिफिकेटचा नमुना दाखवला. एक जाडजूड पुस्तक आणलं, ते उशाशी ठेवून छान झोप लागायची. फोनवर तर पाऊसच पडत होता व्हिडिओंचा. कुणी म्हणतोय भन्नाट युक्त्या, कुणी म्हणतोय तासाभरात तज्ज्ञ व्हा. बघताना सगळं सोपं, लॅपटॉप उघडला की पाटी कोरी. भाचा म्हणाला, मावशी, एआयला विचार ना, तो लिहून देतो. विचारलं. त्याने दिलंही लिहून, पण माझ्या कागदावर, म्हणजे एक्सेलच्या शीटवर, ते चालेना, आणि का चालेना हे विचारायला तरी मला काही कळायला हवं ना! एका संध्याकाळी मेधाकडे जाऊन मी अक्षरशः रडले. म्हटलं, "मला शिकायचा कंटाळा नाही गं, मला शोधण्याचाच वीट आलाय."

ती उशीला टेकून बसली होती, चेहरा सुजलेला. शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "तू ऑफिस कर, स्वयंपाक कर. बघायचं काम माझ्याकडे दे. डायलिसिसच्या खुर्चीत मी तासन् तास नुसती पडलेली असते, समोर भिंत असते. भिंतीपेक्षा एखादा मास्तर बरा." मी नको नको म्हणाले. "उपकार नाही करत मी," ती म्हणाली, "मलाही कुणाला तरी नावं ठेवायला मिळतील."

आणि ठेवली तिने नावं! एका हाताला सुई, दुसऱ्या हातात फोन, आणि दुपारच्या सुट्टीत माझ्याकडे तिच्या व्हॉइस नोटा येऊन पडलेल्या असायच्या. मागे त्या मशीनची टुणटुण ऐकू यायची. "हा सोड. शिकवत नाहीये, करून दाखवतोय." "ही बाई गोड आहे, पण सरावाची फाइल देत नाही. फाइल देत नाही त्याच्याकडे जायचंच नाही." "हा फार हसतोय. एवढं हसण्यासारखं एक्सेलमध्ये काही नाही." कधी नुसतंच "छे". मी डबा खाता खाता ऐकायची आणि एकटीच हसायची. पण तिच्या आवाजातली धाप दर वेळी थोडी वाढलेली असायची आणि मग मी अर्धा डबा तसाच बंद करायची.

तिची खरी परीक्षा मात्र आमच्या पाच जुलैची होती. हे सांगायला हवं. आमच्या गोडाउनमध्ये रॅकचा नंबर आणि खणाचा नंबर मिळून पत्ता लिहितात, म्हणजे पाचव्या रॅकचा सातवा खण असेल तर ५-७. तो एक्सेलमध्ये टाइप केला की एक्सेल शहाणपणा करतं, त्याची तारीख बनवतं, पाच जुलै. कुणी कधी दुरुस्त केलं नाही. उलट सगळ्या कारखान्याला त्याची इतकी सवय झाली, की स्टोअरचे गायकवाड बिनदिक्कत ओरडायचे, "अरे, ते पितळी बुश तीन एप्रिलमध्ये बघ, नसले तर पाच जुलैत असतील." नवा माणूस आला की गांगरायचा. मेधा म्हणायची, "त्या व्हिडिओंतला माल बघ. सगळा स्वच्छ धुतलेला. नावं सरळ, तारखा सरळ. असला कागद पुण्यात कुठल्या ऑफिसात असतो मला दाखव. जो मास्तर आपल्या पाच जुलैचं काय करायचं ते सांगेल, तो आपला."

सापडला तो. कोण कुठला, चेहराही दाखवत नव्हता, मागे पंखा घरघरत होता. पण सुरुवातीचे धडेच्या धडे त्याने नुसता घाण झालेला कागद साफ करण्यावर घालवले होते. कॉलम आधी टेक्स्ट करून ठेवायचा, मगच टाइप करायचं, आणि आधीच तारीख झालेली असेल तर ती परत कशी फिरवायची, हे सगळं. मेधाची ती व्हॉइस नोट माझ्याकडे आहे. आवाज थकलेला, पण खुशीत. "शोभे, आत्ता तो चुकला. स्वतःच चुकला, डोकं खाजवलं, शोधलं आणि नीट केलं. आणि ते कापलं नाही व्हिडिओतून! याला धर." मग ती पुढे बघायची आणि मी तिच्या मागून एकेक धडा करत जायची. शेवटची भेट झाली त्या शुक्रवारी पाय सुजून चप्पल चढत नव्हती तिला. मी म्हटलं, बास कर आता, मी बघेन माझं मी. तर म्हणाली, "पिव्हटचा, म्हणजे ढीगभर आकड्यांचा गोषवारा काढायचा भाग राहिलाय. सोमवारी खुर्चीत बघते, मग सांगते. तोपर्यंत तू तुझ्या तारखा फिरव." रविवारी मी तारखा फिरवल्या. सोमवार तिच्यासाठी आलाच नाही. आजही लिहिताना मला कुणाचा राग येतोय ते कळत नाही, पण येतो.

दिवाळी झाली. रॅकचा रिपोर्ट नव्या साहेबांना दाखवला, पाच जुलै जाऊन सगळीकडे ५-७ दिसत होतं. "हं, बरं झालंय," ते म्हणाले, "आता विक्रीचं पण असंच करा. पिव्हटमध्ये, महिनाअखेरपर्यंत." म्हणजे नोकरी आहे अजून, आणि मानेवरचं जूही आहे. गायकवाड तेवढे हिरमुसले. "आता पाच जुलै म्हणायचं नाही का, ताई?" असं विचारून गेले. मी खोलीत येऊन बसले. समोरच्या मेधाच्या टेबलावर आता प्रिंटर ठेवलाय.

मागच्या रविवारी शेवटी तो पिव्हटचा धडा उघडला. मेधाने न बघितलेला पहिला धडा. उघडवत नव्हता, पण महिनाअखेर आली होती. पंखा तोच, आवाज तोच, पण या वेळी मास्तरांनी कुठून तरी स्वच्छ धुतलेला माल आणला होता. फळं, शहरं, सगळं जिथल्या तिथे. मी थोडा वेळ ऐकलं आणि मोठ्याने म्हणाले, "इथे घसरला हा. सोड." स्वयंपाकघरातून नवरा माझ्याच बोलीत म्हणाला, "कोणाशी बोलून राहिली?" दुसरा उघडला, फार हसत होता. तिसरीने फाइल दिली नाही. डोळे चुरचुरायला लागले, उठून चहा केला, पुन्हा बसले. मग एक मुलगी सापडली, सर्दी झालेली. तिचा कागद आमच्याइतकाच घाणेरडा होता. मध्येच तिची बेरीज चुकली. ती थांबली, "एक मिनिट हं" म्हणाली, शोधलं, नीट केलं आणि पुढे गेली. कापलं नव्हतं.

मी फोन पालथा घातला. दोनदा अडले, पण सुलटा केला नाही. विक्रीचे आकडे एकदाचे आपापल्या जागी जाऊन बसले तेव्हा ऊन टेबलावरून उतरून गेलं होतं. हात फोनकडे गेला आणि तिथेच थांबला. त्या रविवारपासून पालथा फोन उचलायची मला भीती वाटते. मग उचललाच.

कुणाचाही कॉल नव्हता. मी मेधाच्या नावावर गेले, व्हॉइस नोटचं बटण दाबून धरलं आणि "जमलं गं" एवढं म्हणाले.