चित्तीचा उजवा हात

चित्ती कोणालाही झोपेतून उठवत नसे. चित्ती म्हणजे माझी मावशी. तंजावूरच्या आम्हा मराठी घरांतून मावशीला तमिळ शब्दानेच हाक मारतात. दहावीनंतर आईने मला पापनाशमहून तिच्याकडे शिकायला आणून सोडलं. दुसऱ्याच दिवशी मी साडेआठला जागी झाले तेव्हा घर रिकामं होतं. चित्ती आपल्या शाळेत गणित शिकवायला निघूनही गेली होती. ओट्यावर माझ्यापुरत्या इडल्या झाकून ठेवलेल्या. माझी शाळा बुडाली. संध्याकाळी ती दारात दिसताच मी ओरडले, "मला उठवलं का नाहीस?"

चपला काढत ती म्हणाली, "काय म्हणून उठवूं? झोप तुझी, उठणेंही तुझें."

मला इतका संताप आला की मी जेवले नाही. तिने आग्रह केला नाही. माझं ताट झाकलं आणि वह्या तपासायला बसली.

राजवाड्यामागच्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत ती एकटी राहायची. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती नव्हती. भिंतीवर रोज एक पान फाडायचं कॅलेंडर असे. फाडलेल्या पानामागे ती मला दिवसाची तीन कामं लिहायला लावी. तीनच. चौथं लिहिलं की खोडायची. देवनागरी आम्हाला कुठे येत होती! भाषा मराठी, अक्षरं तमिळ. जे काम झालं नाही त्याच्यापुढे संध्याकाळी कारण लिहायचं. एकदा मी लिहिलं, 'वेळ मिळाला नाही.' तिने ते पेन्सिलीने कापलं.

"वेळ होता. 'केलें नाहीं' म्हणून लिही. पोदुम."

पोदुम म्हणजे पुरे. ते दोन शब्द लिहिताना मला रडू फुटलं. कारण सांगणं किती सोपं असतं ते मला त्या दिवशी कळलं.

तिला स्वतःला राग यायचा, आणि भयंकर यायचा. पण राग आला की ती बोलायची नाही. मोरीत जायची, नळाखाली पाय धुवायची, पुसायची, मग बाहेर यायची. पाण्याने तिचा राग निवत असेल असं मला वाटायचं. छे! बाहेर येऊन जे बोलायची ते नेमकं वर्मी लागायचं. म्हणायची, "राग माझा नोकर. माझे पाय धुवून होईपर्यंत त्यानें थांबावें." बाकी पुष्कळ काही मी तिच्याकडून उचललं. वेळेवर उठायला शिकले, परीक्षा दिल्या, सरकारी कचेरीत लागले, नोकरी सांभाळून संसार केला. हे एक मात्र मला कधीच जमलं नाही. आत्ता लिहितानाही माझं डोकं तापलेलं आहे.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी तिला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली. डॉक्टर म्हणाले, सराव केला तर हात बराचसा परत येईल. सराव! दुसऱ्या कोणाला सांगितलं असतं तर ती शिक्षा वाटली असती. चित्तीने एका वाटीत चिंचोके घेतले आणि उजव्या हाताने एकेक उचलून दुसऱ्या वाटीत टाकायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात सकाळभर बसून चार चिंचोके जात. तिसऱ्या महिन्यात वाटी रिकामी व्हायला लागली. पोलक्याची बटणं लावायला पाऊण तास लागे. मी कचेरीत जाताना तिच्याकडे डोकावायची आणि न राहवून हात पुढे करायची.

"हात बाजूला ने," ती म्हणायची. जीभ जड झाली होती, पण धार तीच. "मला उशीर होतो आहे. तुला काय होतें आहे?"

अशाच एका सकाळी माझा थोरला भाऊ, अण्णा, चेन्नईहून आला. चित्ती तिसऱ्या बटणाशी होती. तो दारातच डोळे पुसायला लागला. "अय्यो, काय हे हाल! आपण मेलो आहोत का सगळे? लोक काय म्हणतील? मी नेतो तिला चेन्नईला." चित्तीने नाही म्हटलं, दोनदा म्हटलं. कोणी ऐकलं नाही. आठवड्याच्या आत तो गाडी घेऊन आला.

चार महिन्यांनी मी चेन्नईला गेले. खोलीला एसी होता, खास पलंग होता, दिवसभराची बाई होती. पडली तर काय, म्हणून चित्तीला चालू देत नव्हते. स्वतःच्या पायांनी संडासला जाणाऱ्या तिला त्यांनी डायपर बांधला होता. ब्लाऊजऐवजी मागून बांधायचा गाऊन. उजव्या हाताची मूठ मिटून छातीशी आखडली होती. बाई तिला 'पाट्टी', म्हणजे आजी, म्हणत दहीभात भरवत होती, आणि चमचा वाटीतून निघण्याआधीच चित्तीचं तोंड उघडत होतं.

ते उघडं तोंड पाहून मी अण्णावर तुटून पडले. "काय केलंस तू हिचं?"

"काय कमी आहे तिला?" तो खरोखरच गोंधळला होता. "राणीसारखी ठेवली आहे."

मी चित्तीजवळ बसले. "येतेस का माझ्याबरोबर तंजावूरला?" तिने माझ्याकडे पाहिलं. मग बाईकडे पाहिलं. उत्तर देऊ का, असं विचारत असल्यासारखं. बाईने तोंड पुसून दिलं आणि म्हणाली, "पाट्टी आता झोपतील." आणि चित्तीने डोळे मिटले.

मी तंजावूरला परतून तिच्या खोल्या झाडून घेतल्या, रजेचा अर्ज दिला. रजा मंजूर होण्याआधीच चित्ती गेली.

तेराव्याला सगळे नातेवाईक जमले होते. पानावर बसलेल्या लोकांना अण्णा सांगत होता, "शेवटपर्यंत तिला पाण्याचा पेलासुद्धा उचलू दिला नाही आम्ही." लोक माना डोलावत होते. कोणी म्हणालं, असा भाचा मिळायला पुण्य लागतं.

मी उभी राहिले. "त्यामुळेच मेली ती," मी म्हणाले. "पेला उचलू दिला असतात तर जगली असती. तुम्ही तिचा हात काढून घेतलात."

अण्णाची मान खाली गेली. वाढत असलेली वहिनी सांबाराचं भांडं खाली ठेवून माझ्यासमोर आली. ती ओरडली नाही.

"गाडीत कोणी बसवलं त्यांना?" तिने विचारलं.

मी बसवलं. चित्ती एकटीच चढत होती. डावा पाय आत गेला होता, दाराला धरून ती उजवा ओढून घेत होती. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, मागे ऑटो अडकल्या होत्या, मला कचेरीला उशीर होत होता. "हात बाजूला," ती म्हणालीही. मी तिचा पाय दोन्ही हातांनी उचलला, आत ठेवला आणि दार लावून घेतलं.