मौन उठवायचे दोन शब्द

आमच्या खेळातला सातवा नियम मी केला होता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला पळवाट राहणार नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा मामेभाऊ सुट्टीत सोलापूरला आला आणि त्यानं एका अजब खेळाची गोष्ट सांगितली. त्याच्या होस्टेलातल्या एकाच्या भावानं अमेरिकेहून त्याची पुस्तिका पाठवली होती म्हणे. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले जादूगार नि योद्धे व्हायचं, आणि मंत्र लागला की फसला ते फाशानं ठरवायचं. पुस्तिका आम्हाला कधी दिसली नाही. दोन दुपारी सांगून तो निघून गेला, मग नियम आमचे आम्हीच केले.

खेळणाऱ्या तिघी होतो. मी, माझी अक्का आणि शेजारची मैत्रीण. मैत्रिणीच्या घरी तेलुगू बोलायचे, दिवसभर माग चालायचा, आणि त्या खडखडाटात वाढल्यामुळे तिचा आवाज असा मोठा की मंत्र म्हटला तर गल्लीला ऐकू जावा. गोष्ट सांगायचं काम माझ्याकडे. ते मी कुणाला दिलंच नाही.

मंत्र एका दमात म्हणायचा, दम तुटला तर वाया. मग सहा कवड्या टाकायच्या, निदान तीन उताण्या पडल्या पाहिजेत. सहाच्या सहा पालथ्या पडल्या तर मंत्र उलटतो आणि म्हणणाऱ्याची वाचा पुढच्या रविवारपर्यंत जाते. हा सातवा नियम. आधी तो खेळापुरताच होता. पण मैत्रिणीचा जादूगार मुका झाला तरी ही बया दुपारभर बडबडत राहिली, वर खाणाखुणा करून मंत्र सांगू लागली. माझं डोकं फिरलं. मी वहीत नियम वाढवला. मुकं म्हणजे घरीदारी मुकं. खुणा नाहीत, मानही हलवायची नाही. अगदीच अडलं तर पाटीवर लिहायचं, तेही फक्त मला दाखवायला. मोडलं तर जादूगार मेला. मौन उठवायचा अधिकार एकटीचा, माझा. मी ‘वाचा दिली’ म्हणायचं.

अक्का हसली होती. ‘लई कडक हायस की तू,’ म्हणाली. पण तिची जादूगारीण दीड वर्ष जगली होती. ती कुणाला न विचारता गावोगाव हिंडायची, हव्या त्या नदीकाठी मुक्काम करायची. अक्काची शाळा केव्हाच सुटली होती, घरी ती शिवणकाम करायची. त्या बाईला मरू द्यायला ती तयार नव्हती.

एका रविवारी अक्काच्या सहाही कवड्या पालथ्या पडल्या. सोमवारपासून ती गप्प. आईला मी सांगितलं, मौन धरलंय. आईला ते व्रत वाटलं. ‘चांगलं हाय की,’ ती म्हणाली आणि तिनं अक्काच्या ताटात थोडं जास्त तूप वाढलं. आम्ही दोघी खाली मान घालून हसलो. त्या आठवड्यातलं ते शेवटचं हसणं.

वडील होटगीच्या रेल्वे यार्डात कामाला होते. गुरुवारी ड्युटीवरून आले ते स्थळ घेऊनच. दुधनीचं घर, धान्याचा व्यापार, मुलगा बिजवर. ‘पैली आडात पडून गेली. पोरबाळ न्हाय,’ ते आईला म्हणाले. आई चुलीपुढं बसली होती. तिनं कशी पडली ते विचारलं नाही. शनिवारी दुपारी ती माणसं येणार होती.

अक्का पाटी घेऊन माझ्याकडे आली. तिनं लिहिलं होतं, ‘मला नको. मी सांगणार आहे. मौन उठव.’

मी म्हणाले, ‘रविवारी सुटतंच आहे. उलट बोलूच नकोस. मुकी म्हणून आपोआप उठून जातील.’ हे मला खरंच वाटत होतं. पण तेवढंच नव्हतं. मोठी बहीण पाटी धरून माझ्यापुढं उभी होती, आणि मला ते आवडलं. अक्कानं पाटी पुसली. माझ्यावर विश्वास ठेवला.

शनिवारी ती माणसं आली. मुलगा चाळिशीकडे झुकलेला. त्यानं अक्काच्या तोंडाकडे एकदाही पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. त्याची आई नाव विचारू लागली तेव्हा वडीलच म्हणाले, ‘मौन हाय तिचं. देवाधर्माची हाय पोरगी.’

म्हातारी पुढं सरकली. तिनं अक्काची हनुवटी वर केली आणि अगदी मायेनं विचारलं, ‘नको आसंल तर आत्ताच सांग, बाई. आमी जातो.’

अक्कानं माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, हातात चहाचा ट्रे. दोन शब्द म्हणायचे होते. माझ्या जिभेवर आले होते. पण सगळ्यांपुढं ते म्हणायचे म्हणजे व्रत नाही, पोरखेळ आहे हे फुटणार होतं, आणि मला वाटलं, आता उठतीलच की ही माणसं.

म्हातारीनं तिची हनुवटी सोडली. मग मुलाकडे वळून समाधानानं म्हणाली, ‘हीच बरी. पैली लई बोलायची.’

सुपारी लगेच फुटली. दुसऱ्या दिवशी रविवार होता, पण घर पाहुण्यांनी भरलं आणि आम्ही खेळायला बसलोच नाही. मौन उठवायचं राहून गेलं. अक्का पुढंही गप्पच राहिली, घरच्यांनी ते लाजणं धरलं. लग्न महिन्याच्या आत झालं.

पंचमीला अक्का माहेरी आली. हातभर बांगड्या, आणि त्या ती कुणाला सरकवू देत नव्हती. आई विचारायची, ती हात पदराखाली घ्यायची. तिसऱ्या दिवशी आई मेंदी आणायला गेली, वडील ड्युटीवर होते. मी दार लावलं, वही काढली, तिच्यासमोर बसले आणि मोठ्यानं म्हणाले, ‘अक्का, वाचा दिली.’

तिनं झटकन माझ्या तोंडावर हात ठेवला.

‘हळू,’ ती म्हणाली. ‘हळू बोल की. ऐकत्याल.’

घरात आम्ही दोघीच होतो. दुधनी तिथून रेल्वेनं कितीतरी लांब होती.