अर्ध्या किल्लीचे अर्धेकाका

परळच्या आमच्या ऑफिसात अर्धेकाका कागद वाचायला एवढा वेळ घेत, की पोलिसांकडून आलेल्या माणसाचा दोनदा चहा पिऊन व्हायचा. गृहखात्याचा आदेश, सही, शिक्का आणि मग मोबाइल नंबराचा एकेक आकडा, बोट ठेवून, मोठ्याने. एक आकडा चुकला तर आपण भलत्याच्याच घराला कान लावून बसू, असं त्यांचं म्हणणं.

आमची कंपनी लोकांचे फोनवरचे संवाद आणि निरोप कुलूपबंद ठेवी. सरकारी आदेश आला तरच ते उघडायचे. त्याची किल्ली म्हणजे एक लांबलचक सांकेतिक शब्द. अर्धा त्यांना पाठ, अर्धा मला, म्हणून ते अर्धेकाका. एकाने आपला अर्धा टाइप करताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं. मी नवी होते, मला हसू फुटलं. तेव्हा म्हणाले, "तुझ्यावर विश्वास आहे गो. पण भिंतीकडेच बघ." लालबागचे, मूळ मालवणकडचे, खवचटपणा जन्मजात.

त्यांचा एकुलता एक मुलगा माझगावच्या गोदीत कामाला होता. बापाशी भांडून तो शीव कोळीवाड्यात मित्राकडे राहायला गेला. दोन महिने बोलणं नाही. एका सकाळी गोदीत अपघात झाला आणि तो गेला. फोनही पाण्यात गेला. त्याने फोनवर लिहिलेलं, बोललेलं सगळं आमच्याकडे कुलपात उरलं. काकूंना एकदाच त्याचा आवाज ऐकायचा होता, आणि त्याचा राग गेला होता का, एवढंच जाणून घ्यायचं होतं.

मी काकांना म्हटलं, माझा अर्धा मी टाकते, कुणाला कळणार नाही. ते कितीतरी वेळ चष्मा पुसत राहिले.

"आदेश कुठाय?"

मी चिडले. माणूस आहात की दगड, असंही बोलून गेले. त्याची मला अजून लाज वाटते. ते एवढंच म्हणाले, "माझ्या पोरासाठी उघडलं, तर उद्या दुसऱ्याला कुठल्या तोंडाने नाही म्हणू?"

घरी मात्र त्यांनी काकूंना सांगितलं, की ते उघडतच नाही. आयुष्यात बहुधा तेवढंच खोटं बोलले असतील.

वर्षभराने, नियमाप्रमाणे, वारलेल्या ग्राहकांचं सगळं कायमचं पुसायचं होतं. तेही आम्ही दोघांनीच. यादीत त्याचा नंबर आला. काकांनी तोही बोट ठेवून, एकेक आकडा वाचला. मी भिंतीकडे वळले. टाइप करण्याचा आवाज मध्येच थांबला. किती वेळ, ते सांगता येत नाही. वळून बघण्याची माझी हिंमत झाली नाही. मग तो पुन्हा सुरू झाला आणि संपला. त्या दिवशी काका डबा न उघडताच घरी गेले.

गेल्या महिन्यात काकाही गेले. बाराव्याला मी लालबागला गेले, तर काकूंनी मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं.

"खरं सांग गो. ते उघडत नव्हतं ना?"

समोरच्या भिंतीवर बापलेकाचे फोटो शेजारी शेजारी लावलेले होते. मी म्हटलं, "नाही काकू. उघडतच नव्हतं."

काकूंनी माझा हात थोपटला.

"हेपण असंच सांगायचे," त्या म्हणाल्या. "भिंतीकडे बघून."