लोखंड गप्प, देह बोलका

बाबांच्या हातांना तेलाचा वास असायचा आणि आमच्या सेक्टरमधल्या क्वार्टरच्या उंबऱ्याच्या आत तो त्यांच्या आधी यायचा. पोलाद कारखान्यात नव्याने घडलेल्या रुळावर तेलाचा पातळ थर देऊन ते प्रोब फिरवत. कानाला ऐकू न येणारा ध्वनी लोखंडात शिरे आणि थेट तळाला पोचून परत येई. तो मधूनच कुठून परतला, म्हणजे इको आला, तर आत दोष आहे असं समजायचं. चांगलं लोखंड मधे बोलत नाही, हे मी बाराखडीच्या वयात शिकले.

निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी, या फाल्गुनात, त्यांची भूक गेली. आम्ही राहतो हिंदी मुलखात, पण मूळचे नागपूरकडचे. पोटाचं बिनसलं की आधी ओवा, मग लंघन, आणि अगदी टेकीला आल्यावर डॉक्टर. आईचं दुखणं असंच ओव्याआड दडून राहिलं आणि कळलं तेव्हा करण्यासारखं काही उरलं नव्हतं. म्हणून यंदा गावाबाहेर मरोद्याच्या रस्त्याला पळस फुललेला असताना, वाऱ्यावर मोहाचा गोडसर, जडसर गंध तरंगत असताना, मी बाबांचं काही न ऐकता त्यांना सोनोग्राफीला घेऊन गेले. मनातून मी पार भेदरले होते.

खोली अंधारी आणि गार. डॉक्टर मॅडमनी पोटावर जेल पसरलं तसा बाबांचा चेहरा खुलला. तिथे तेल, इथे जेल, हे त्यांनी क्षणात ओळखलं. पण मान वळवून पडद्याकडे पाहिलं मात्र, आणि त्यांचा रंगच उतरला. पडदाभर पांढरे, करडे ठिपके, रेषा, लाटा.

“एवढे इको! मी तं पुराच रिजेक्ट झालो वं पोरी!”

मॅडमना मराठी येत नव्हती, पण नेमके ते दोन इंग्रजी शब्द कळले. मी बाबांची नोकरी सांगितली, तशा त्या मनापासून हसल्या. “अंकल, ये लोहा नहीं है। ज़िंदा शरीर में तो सब बोलता है।”

मग त्यांनी एकेक दाखवलं. हे यकृत, ही श्वासाबरोबर खालीवर सरकणारी किडनी, ही ठोके देणारी रक्तवाहिनी. कुठेही न चिरता, न टोचता, माझ्या वडिलांचं अंतरंग त्या करड्या उजेडात उलगडत होतं आणि भीती विसरून मी बघतच राहिले. ज्यांनी ही दृष्टी माणसाला दिली त्यांच्यापुढे हात जोडावेत असं वाटलं.

उजव्या किडनीपाशी मॅडमचा हात थांबला. पुन्हा तिथेच गेला, पुन्हा थांबला. तसं थांबणं म्हणजे काय, हे बाबांना कुणी सांगायला नको होतं; त्यांनी माझं बोट घट्ट धरलं.

सीटी स्कॅनमध्ये लहानशी गाठ दिसली. भूक गेली होती ती साध्या पित्ताने. गाठ कधी दुखलीच नव्हती. इतक्या लवकर सापडली की तेवढाच भाग काढायचा, बाकीची किडनी शाबूत राहणार, असं सर्जन म्हणाले. ऑपरेशन या शब्दानेच माझा धीर सुटला आणि मी बाहेरच्या बाकावर बसून रडले. बाबा शेजारी येऊन बसले.

“काहून रडून राहिली? रुळात दोष निघाला तं आमी तेवढाच तुकडा कापत होतो. बाकीचा रूळ लाइनवर जाते. कापून राहिले ना, रिजेक्ट नाही करून राहिले.”

आता वैशाख आहे. जखम भरली, भूक परतली आणि तिच्यासोबत बाबांची कुरकुरही. वरणात मीठ कमी, पंखा फार जोरात, टाक्यांची जागा ओढते. एरवी मी वैतागले असते. आता पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकत असते. आतल्या खोलीत ते गप्प झाले, की मात्र लाटणं टाकून बघायला जाते.