वैऱ्याच्या घरी फराळ

मोताळ्याकडच्या आमच्या गावात ख्रिस्ती घरं हाताच्या बोटांवर मोजावीत एवढीच. त्यामुळे संडे स्कूलची शिक्षिका, पेटी वाजवणारी आणि सतरंज्या झटकणारी बाई एकच, ती म्हणजे मी. मला शिकवण्याची भारी हौस आणि धीर कमी. मुलांनी शिकलेलं लगेच करून दाखवावं, असं मला वाटतं.

गेल्या नाताळाआधीच्या रविवारी धडा होता मित्र आणि शत्रूंचा. मित्रावर कोणीही प्रेम करतं, पण प्रभूनं वैऱ्यावरही करायला सांगितलंय, हे मी अगदी रंगवून सांगितलं. मुलांनी माना डोलावल्या, पण तेवढ्यावर मी कसली थांबते! म्हटलं, यंदा नाताळच्या फराळाचं एक ताट प्रत्येकानं आपल्या शत्रूच्या घरी स्वतः नेऊन द्यायचं. केवढी सुंदर कल्पना, असं माझं मलाच वाटलं.

मुलांनी ताटं नेली आणि सोबत कारणही सांगून टाकलं. एकानं सख्ख्या काकाला सांगितलं, एकीनं गणिताच्या सरांना. काका धुसफुसले, सर हसले. ते निस्तरलं गेलं. माझ्या घरचं मात्र निस्तरेना.

माझी लेक आठ वर्षांची. तिची एकुलती एक मैत्रीण समोरच्या घरात राहते. त्या मुलीची अम्मी ब्लाउज शिवते. आमच्याकडून नाताळला करंज्या जातात, त्यांच्याकडून ईदला शिरखुर्मा येतो, आणि कोणाचंही भांडं रिकामं परत जात नाही. काही नसलं तर चिमूटभर साखर घालून द्यायची, ही गल्लीची रीत. शाळेच्या नाचात मैत्रिणीनं दुसऱ्याच मुलीचा हात धरला, म्हणून तेव्हा दोघींची कट्टी होती. ती त्यांची अधूनमधून व्हायचीच. पण माझा धडा ऐकून लेकीनं ठरवलं, जिच्याशी बोलत नाही ती शत्रू. ती विणलेल्या रुमालानं झाकलेलं करंज्यांचं ताट घेऊन समोर गेली आणि मैत्रिणीच्या हातात देत म्हणाली, "आईनं सांगतलं, दुश्मनाच्या घरी द्याचं."

ताट परत आलं नाही. नाताळ सरला तरी नाही. लेक उंबऱ्यावर बसून समोरच्या दाराकडे बघत राहायची. गल्लीत तिच्या वयाचं दुसरं कोणी नाही. ही मैत्रीण तुटली तर हिला कोण?

शेवटी मीच गेले. मैत्रिणीच्या अम्मीनं, आमच्या भाभींनी, मशीन थांबवलं, चहा टाकला. मी धडा समजावून सांगू लागले, पण बोलता बोलता माझे शब्द मलाच पोकळ वाटायला लागले. भाभींनी सगळं ऐकून घेतलं.

"मले राग नाही, ताई. लेकरं हायेत," त्या म्हणाल्या. "पण दरसाल तुमचं ताट दोस्तीचं म्हणून येते. यंदा माह्या पोरीनं करंजीले हात नाही लावला. ताट तिच्यापाशीच हाये. ती म्हणीन तवा येईन."

त्या संध्याकाळी आम्ही नेहमीसारखे जेवणाआधी प्रार्थनेला बसलो. लेक माझ्यापासून सुरुवात करून एकेकाचं नाव घेऊन देवाला सांभाळायला सांगते. मैत्रिणीच्या नावापाशी ती अडली आणि डोळे उघडून तिनं मला विचारलं, "आई, तिले कशात धरू? दोस्तात का दुश्मनात?"

मी तिला जवळ ओढलं आणि दोघींचं वरण निवून गेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मैत्रीण आमच्या दारात उभी राहिली. हातात आमचं ताट, घासून लख्ख केलेलं, वर आमचाच विणलेला रुमाल. रुमालाखाली साखर.

"ताट रिकामं नाही देत," ती लेकीकडे न बघता म्हणाली.

लेकीनं ताट घेतलं नाही. हात मागे बांधून तिनं विचारलं, "तू माही दुश्मन हायेस का?"

मैत्रिणीनं थोडा विचार केला. "नाही बे. नुस्ती कट्टी हाये."

मी ओट्याशी पोळ्या लाटत होते, ती तिथेच लाटणं धरून उभी राहिले. माझ्या धड्यात मित्र होते, शत्रू होते. कट्टी मी त्यात धरलीच नव्हती. मला रडूही आलं आणि हसूही.

मग दोघी उंबऱ्यावर बसल्या, ताट मध्ये ठेवून. बोटं ओली करून साखर चाटत होत्या. कट्टी अजून सुटली नव्हती, त्यामुळे एक शब्द न बोलता.

संध्याकाळच्या प्रार्थनेत लेकीनं तिचं नाव सगळ्यांत आधी घेतलं. माझं मागाहून आलं.